चिप बदलून स्टोरेज वाढवलेला फोन पुन्हा पुन्हा बिघडतोय? चिपला दोष देण्याआधी हे तपासा

मूळची ६४ किंवा १२८ जीबीची चिप काढून तिच्या जागी बाहेरून आणलेली २५६ किंवा ५१२ जीबीची चिप बसवलेले फोन माझ्या टेबलावर सतत येतात. तक्रार ठरलेली असते: "बसवली तेव्हा मस्त चालत होता, आता त्रास देतो." निदानही करूनच आणलेलं असतं: "चिप डुप्लिकेट निघाली." कधी ती खरंच तशी असते. पण जास्त वेळा चिप बिचारी ठीक असते, आणि दोष तिच्या खालच्या सोल्डरमध्ये, तिच्यावर लिहिलेल्या माहितीत, नाहीतर फोन उघडताना दुखावलेल्या भलत्याच फ्लेक्स पट्टीत (फोनचे भाग बोर्डाला जोडणारी पातळ, लवचिक पट्टी) असतो.

लक्षणं

- फोन आपला आपणच रीस्टार्ट होतो. कधी दिवसातून एकदा, कधी घड्याळ लावल्यासारखा दर तीन मिनिटांनी.
- लोगो येतो, जातो, परत येतो. पुढे काही नाही.
- आयफोन कंप्युटरला जोडून रीस्टोर (सगळं पुसून सिस्टिम नव्याने टाकणं) करताना ९, १४, ४००५, ४०१३ किंवा ४०१४ क्रमांकाची एरर येते.
- जागा कमी दिसते, किंवा चिप बदलूनही जुनाच आकडा दिसतो.
- गॅलरीत फोटोंची छोटी चित्रं दिसतात, पण फोटो उघडला की खालचा अर्धा भाग करडा.
- वाय-फायचं बटण करडं पडलंय, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) गायब आहे, बोटाचा ठसा नोंदवला जात नाही.
- मोठी फाइल टाकताना सुरुवात झकास होते, मग वेग बसतो.

लक्षण कुठलं, याइतकंच ते कधी सुरू झालं हे महत्त्वाचं. पहिल्याच दिवसापासून वाय-फाय किंवा आयएमईआय नसेल तर माहिती लिहिण्यात गडबड झालीय. दोन-तीन आठवडे नीट चालून मग रीस्टार्ट सुरू झाले, किंवा फोन हातातून पडला तेव्हापासून सुरू झाले, तर मी आधी सोल्डरकडे बघतो. आणि फोन भरत गेला तसा त्रास वाढला असेल, तर मात्र चिपवर संशय घ्यायला जागा आहे. कागदावर तारखा लिहून काढा. आठवणीवर सोडलं की "परवापासून" म्हणजे महिनाभर निघतो.

तपासणीच्या आधी: डेटा बाहेर काढा

फोन अजून सुरू होतोय ना? मग बाकी सगळं थांबवा आणि बॅकअप घ्या. "चिप काढून दुसऱ्या मशीनवर वाचता येईल" या भरवशावर राहू नका. आयफोनमध्ये चिपवरचा सगळा डेटा एनक्रिप्ट केलेला असतो आणि त्याची किल्ली प्रोसेसरच्या आत असते. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या आणि त्यानंतरच्या फोननाही एनक्रिप्शन सक्तीचं आहे. म्हणजे एकटी चिप हातात आली तरी तिच्यावरचं वाचता येणार नाही. डेटा हवा असेल तर तोच प्रोसेसर, तीच चिप आणि जिवंत बोर्ड, तिघं एकत्र लागतात.

इथे माझी एक सवय सांगतो. त्रास देणाऱ्या फोनचा मी आधी पूर्ण बॅकअप घेत नाही. पूर्ण बॅकअप चिपचा कानाकोपरा वाचत जातो, आणि एखाद्या खराब कोपऱ्यावर फोन बंद पडला की हातात काहीच येत नाही. म्हणून आधी ज्या फोटोंसाठी माणूस रडेल ते काढतो, मग कागदपत्रं, मग संपर्क, आणि सगळ्यात शेवटी पूर्ण बॅकअप. काढलेल्या फोटोंतले दहा-बारा कंप्युटरवर उघडून बघा. नुसती फाइल आली म्हणजे फोटो आला असं नाही.

१. हा बिघाड आहे तरी का?

फुकटात होणारी तपासणी, म्हणून पहिली. चिप बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज आणि काही फोन १०२४च्या पटीत मोजतात. त्यामुळे २५६ जीबीची चिप तिथे २३८ दिसते, ५१२ची ४७६ दिसते. त्यातून सिस्टिमची जागा वेगळी जाते. इतका फरक असेल तर चिप बरोबर आहे, भांडायला जाऊ नका.

जुनाच आकडा दिसत असेल तर गोष्ट वेगळी. अँड्रॉइड फोनमध्ये जुन्या चिपची प्रत जशीच्या तशी नव्या चिपवर उतरवली, की तिच्यासोबत पार्टिशनचा, म्हणजे जागेच्या वाटणीचा, जुना तक्ताही येतो. चिप २५६ची, पण तक्ता सांगतो की वापरणाऱ्याची जागा ६४वर संपते. वरची जागा रिकामी पडून राहते. यात चिपचा दोष शून्य. ज्याने बसवली त्याने तक्ता वाढवून डेटाचं पार्टिशन पुन्हा फॉरमॅट करायचं राहून गेलंय. त्याच्याकडेच परत जा, काम छोटं आहे. फॉरमॅट केल्यावर डेटा जातो, हे मात्र विसरू नका.

२. मोकळी जागा आणि वेग

आजच्या बहुतेक चिपमध्ये एका पेशीत तीन बिट साठवतात, काहींत चार. असं दाटीवाटीने लिहायला वेळ लागतो, म्हणून चिप थोडा भाग एकाच बिटच्या जलद पद्धतीने वापरते आणि आलेला माल आधी तिथे उतरवून घेते. तो भाग भरला की खरा वेग उघडा पडतो. पहिले काही जीबी झपाट्याने जाऊन पुढे वेग बसणं हा म्हणूनच बऱ्याचदा बिघाड नसतो. फोन गच्च भरलेला असेल तर हा जलद भाग आणखी आक्रसतो. निदान दहावा हिस्सा मोकळा करा, फोन रात्रभर चार्जिंगला लावून ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. वेग ठीक झाला तर पुढचं वाचायची गरज नाही.

३. केबल, पोर्ट, कंप्युटर

४०१३ दिसली की "चिप गेली" म्हणणारे पुष्कळ. पण ९, ४००५, ४०१३ आणि ४०१४ या एररचा अर्थ इतकाच, की काम चालू असताना फोन आणि कंप्युटर यांचा संबंध तुटला, किंवा कंप्युटरला फोन रिकव्हरीत नेता आला नाही. संबंध तुटायला ढिली केबलही पुरते. चांगली केबल घ्या, हब मधे घालू नका, पोर्ट बदला, कंप्युटरवरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा, जमलं तर दुसरा कंप्युटर वापरून बघा. फोनच्या चार्जिंगच्या खाचेत टॉर्च मारून बघा. खिशातला कापूस तिथे दाबून बसतो आणि केबल वरवर लागल्यासारखी वाटते. तो लाकडी टूथपिकने अलगद काढा, टाचणीने नाही.

हे करताना रीस्टोर कुठे अडतं ते बघत राहा. दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडत असेल तर केबल-पोर्टचा नाद सोडू नका. तीन केबल आणि दोन कंप्युटर बदलूनही रीस्टोर किती झालं ते दाखवणारा पट्टा बरोबर त्याच जागी थांबत असेल, तर मी ते बोर्डावरचं दुखणं धरतो.

४. रीस्टार्टची वेळ मोजा

ही तपासणी फुकट आहे, आणि मला स्वतःला ती महागात शिकायला लागली. एक फोन आला होता, चिप बदलून आठवडा झालेला, सारखा रीस्टार्ट. मी चिप काढली, सोल्डरचे गोळे नव्याने बसवले, परत लावली. तसाच. दुसरी चिप लावली. तरी तसाच. मग वैतागून घड्याळ लावून बसलो. तीन मिनिटं. परत तीन मिनिटं. परत तीन. चिपचं दुखणं इतकं शिस्तीचं नसतं.

आयफोनमध्ये तापमानावर लक्ष ठेवणारा एक प्रोग्रॅम असतो. त्याला एखाद्या सेन्सरकडून उत्तर आलं नाही तर १८० सेकंदांनंतर सिस्टिम स्वतःच फोन रीस्टार्ट करते. हे सेन्सर चार्जिंगच्या फ्लेक्सवर, पॉवर बटणाच्या फ्लेक्सवर, बॅटरीत असे विखुरलेले असतात. फोन उघडून बोर्ड बाहेर काढताना यातली एखादी पट्टी चिरते किंवा तिचा कनेक्टर नीट बसत नाही. माझ्या त्या फोनची चार्जिंगची पट्टी वळणापाशी केसाएवढी फाटलेली होती. भिंगाखाली धरली तेव्हा दिसली. बदलली, संपलं. दोन्ही चिप ठणठणीत.

म्हणून स्टॉपवॉच लावा. मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात अ‍ॅनालिटिक्स अँड इम्प्रूव्हमेंट्स आणि त्यात अ‍ॅनालिटिक्स डेटा उघडा. तिथे पॅनिक-फुल नावाने सुरू होणाऱ्या फाइल शोधा. आतला मजकूर अगम्य दिसतो, पण आपल्याला दोनच गोष्टी हव्यात. थर्मलमॉनिटरडी किंवा मिसिंग सेन्सर असे शब्द दिसले तर सेन्सर आणि पट्ट्यांकडे जा. माइक१ किंवा पीआरएस० ही नावं असतील तर बहुधा चार्जिंगची पट्टी, टीजी०बी असेल तर बॅटरी. एएनएस किंवा एनव्हीएमई असे शब्द पुन्हा पुन्हा दिसले तर मात्र साठवणुकीच्या बाजूला गडबड आहे. एकाच फाइलवर निकाल देऊ नका. तीन-चार फाइल एकच गोष्ट सांगत असतील तर ऐका.

अँड्रॉइडमध्ये अशी फाइल सहज हाती लागत नाही. तिथे सेफ मोडमध्ये फोन दिवसभर वापरा. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली अ‍ॅप बंद राहतात. तिथे त्रास थांबला तर एखादं अ‍ॅप गुन्हेगार आहे.

५. भरून बघा, मग परत वाचा

सगळ्यात वेळखाऊ, पण चिपचा खरा चेहरा दाखवणारी तपासणी हीच. बॅकअप झाला नसेल तर हिला हात लावू नका.

कंप्युटरवर मोठ्या फाइलींचा एक फोल्डर बनवा. फाइली वेगवेगळ्या हव्यात, एकच व्हिडिओ पन्नासदा कॉपी केलेला चालणार नाही. क्षमता खोटी सांगणारी चिप जागा संपली की जुन्याच जागेवर फिरून लिहिते. तिथे सारखीच फाइल असली तर चोरी पकडली जात नाही. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा आकडा; मजकूर जरा जरी बदलला तरी तो बदलतो) कंप्युटरवर काढून ठेवा. मग फोन साधारण ९० टक्के भरेपर्यंत फाइली टाका. यानंतर फोन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. ही पायरी लोक गाळतात, आणि मग फाइल चिपवरून नाही तर रॅममधून परत मिळते. आता सगळ्या फाइली कंप्युटरवर परत आणा आणि हॅश जुळवा.

सगळे जुळले तर चिपला निर्दोष सोडा. फोन मधेच बंद पडला किंवा एखाददुसरा हॅश चुकला, तर भागच खराब आहेत की सोल्डर सुटतंय हे अजून कळलेलं नाही. ठरावीक मर्यादेपुढचं सगळंच बिघडलेलं असेल तर क्षमता खोटी. मेमरी कार्डांत हा प्रकार सर्रास असतो, फोनच्या चिपमध्ये कमी. चिपच्या बाबतीत जास्त दिसते ती वापरून थकलेली चिप, वरचा छाप घासून नवा मारलेली. असाच एक फोन अर्ध्या करड्या फोटोंची तक्रार घेऊन आला होता. चिपवरची अक्षरं लखलखीत नवी होती. प्रोग्रॅमरमध्ये (सुटी चिप वाचायचं-लिहायचं यंत्र) ठेवून वाचली तर आयुष्याच्या रकान्यात ९.

हा रकाना समजून घ्या, कारण चिप विकणारा तो आपण होऊन दाखवत नाही. ईएमएमसी आणि यूएफएस हे अँड्रॉइड फोनमधल्या स्टोरेज चिपचे दोन प्रकार. ईएमएमसीच्या ५.० आवृत्तीपासून चिप स्वतःच्या झिजेचा अंदाज नोंदवून ठेवते, यूएफएसमध्येही तशी सोय आहे. १ म्हणजे ० ते १० टक्के आयुष्य वापरलेलं, १० म्हणजे ९० ते १०० टक्के, आणि ११ म्हणजे मर्यादा ओलांडली. नवी म्हणून विकलेल्या चिपमध्ये १ सोडून दुसरा आकडा असेल तर ती नवी नाही.

ही भरण्याची परीक्षा एकदाच करा. दर रविवारी केलीत तर तुम्हीच चिप झिजवाल.

६. फोनची ओळख जुळते का?

डायलरमध्ये *#०६# टाइप करा आणि आलेला आयएमईआय खोक्यावरच्या आकड्याशी ताडून बघा. सेटिंग्जमधला सिरियल नंबर आणि वाय-फायचा पत्ताही बघा. आयफोनमध्ये सिरियल नंबर, वाय-फाय आणि ब्लूटूथचे पत्ते, मॉडेल ही माहिती स्टोरेज चिपवरच्याच एका छोट्या भागात असते. जुन्या चिपवरून ती वाचून नव्या चिपवर लिहावी लागते. एखादा पत्ता चुकला तर वाय-फाय किंवा ब्लूटूथ रुसतं, सिरियल चुकला तर अ‍ॅक्टिव्हेशन अडतं. तुम्ही कितीही वेळा रीस्टोर केलं तरी ही माहिती आपोआप दुरुस्त होत नाही. जुनी चिप परत मागून जपून ठेवा असं मी सगळ्यांना सांगतो ते यासाठीच. खरी माहिती तिच्यावर आहे.

अँड्रॉइडमध्ये आणखी एक मेख आहे. ईएमएमसी आणि यूएफएस चिपमध्ये आरपीएमबी नावाचा राखीव भाग असतो. त्याची किल्ली एकदाच लिहिता येते, नंतर बदलता येत नाही. दुसऱ्या फोनमधून काढलेल्या चिपवर त्या जुन्या फोनची किल्ली आधीच बसलेली असते. तुमचा प्रोसेसर आपली किल्ली घेऊन दार ठोठावतो, दार उघडत नाही. मग ठसा नोंदवला जात नाही, स्क्रीन लॉक नीट लागत नाही, काही फोन तर लोगोपुढेच जात नाहीत. फॅक्टरी रीसेटचा इथे काडीचा उपयोग नाही. कोरी चिप हाच उपाय.

आयएमईआय नसेल तर "कुठलाही टाकून देतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. फोनचा स्वतःचा सोडून दुसरा आकडा लिहिणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे.

७. सॉफ्टवेअर नव्याने

कंप्युटरला जोडून आधी अपडेट करून बघा, त्यात डेटा राहतो. जमलं नाही तर रीस्टोर, त्यात सगळं पुसलं जातं. त्याआधी फोनच्या खात्याचा पासवर्ड आठवतोय याची खात्री करा. चिप बदलली म्हणून अ‍ॅक्टिव्हेशन लॉक सुटत नाही. रीस्टोर झाल्यावर लगेच जुना बॅकअप ओतू नका. दोन दिवस फोन कोराच वापरा. कोरा फोन ठीक चालला आणि बॅकअप टाकल्यावर बिघडला, तर दुखणं बॅकअपमधून आलंय.

८. गरम-थंड

शेवटची घरगुती तपासणी म्हणजे नुसतं लक्ष ठेवणं. सकाळी थंड असताना फोन सुरू होतो आणि तापला की मरतो, किंवा उलट? मागच्या बाजूला बोट टेकलं की जागा होतो? सोल्डरमधला बारीक तडा तापमानाने आणि दाबाने जुळतो-सुटतो. ही ड्राय सोल्डरची खूण. कव्हर काढून, चार्जिंगला न लावता दोन दिवस बघा. फ्रीजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं. हेअर ड्रायर मारू नका, त्याने सोल्डर वितळत नाही, बॅटरी मात्र तापते.

इथे थांबा

पडदा उचललेला दिसला, मागची काच फुगली, फोन हाताला चटके देतोय, तर ताबडतोब बंद करा. ते बॅटरीचं प्रकरण आहे आणि त्यात तपासण्या नसतात.

बाकी तपासण्या झाल्या आणि बोट सोल्डरकडे किंवा चिपकडेच जात असेल, तर पुढचं काम मायक्रोस्कोप आणि सराव असलेल्या माणसाचं. कारखान्यातलं शिसेविरहित सोल्डर २१७ ते २२० अंशांना वितळतं, शिशाचं १८३ला, बिस्मथचं १३८ला. चिपच्या शेजारीच प्रोसेसर आणि त्याखाली डिंक. काही बोर्ड दुमजली. नुसती गरम हवा मारून "झालं, घेऊन जा" म्हणणारा तडा तात्पुरता बुजवतो आणि तुम्ही महिन्याने परत त्याच्या दारात. चिप काढून, पॅड साफ करून, गोळे नव्याने बसवून लावणं ही दुरुस्ती. तिथे काय करणार ते आधी विचारा. चिपच्या आयुष्याचा रकाना बसवण्यापूर्वी तुमच्यासमोर वाचायला सांगा. काही अँड्रॉइड फोनमध्ये रॅम आणि स्टोरेज एकाच चिपमध्ये असतात. तिथे रॅमचा प्रकारही जुळायला हवा, नाहीतर फोन उठणारच नाही.

आणि बॅकअप नसलेला, सुरू न होणारा फोन असेल तर एकदाही बटण दाबू नका. चार्जिंगला लावू नका, रीस्टोर करू नका. दुरुस्तीवाल्याला दारातच सांगा: आधी डेटा, फोन नंतर. हे आधी सांगितलं नाही तर तो फोन चालू करण्याच्या नादात कोरी चिप बसवेल, फोन छान सुरू करून देईल, आणि काढलेली जुनी चिप टेबलावरच्या कचऱ्यात जाईल.